किंमत की वर्गणी?

मगरीबच्या नमाजानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात पाच-सात माणसे जमतात. वाचनालय म्हणजे काही मोठी इमारत नव्हे. मदरशाच्या मागची एक खोली, दोन बाकडी, चार कपाटे आणि मधोमध एक लांब टेबल. टेबलावर तीन दैनिके असतात. एक उर्दू, एक मुंबईचे मराठी आणि एक आमच्या जिल्ह्याचे. मुंबईचे वर्तमानपत्र संध्याकाळीही घडी न मोडल्यासारखे दिसते. जिल्ह्याच्या दैनिकाची पाने मात्र दुपारपर्यंतच सुटी होऊन चार हातांत गेलेली असतात. खाडीवरच्या पुलाचे काय झाले, एस.टी.ची कोणती फेरी बंद पडली, पलीकडच्या गावात कोणाचे निधन झाले, हे मुंबईच्या वर्तमानपत्राला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते.

या जिल्हा दैनिकाने मध्यंतरी आपली वेबसाइट बदलली. पाठोपाठ पहिल्या पानावर एक चौकट आली. येत्या महिन्यापासून वेबसाइटवरच्या पाच बातम्या दरमहा मोफत वाचता येतील, त्यापुढे वर्गणी भरावी लागेल. त्या संध्याकाळी वाचनालयात दुसरा विषय निघाला नाही.

मोहल्ला ज्यांना 'सर' म्हणतो ते निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "छापील अंकाचे पैसे देता ना? मग पडद्यावरच्या अंकाचे का नकोत? बातमी काय खाडीतून आपोआप वाहत येते?"

कुवेतहून रजेवर आलेले आमचे एक भाई लगेच उसळले. "सर, पैशाचं नाही हो. पंचवीस वर्षं मी तिकडं आहे. आधी महिन्या-दीड महिन्यानं पत्र यायचं. मग ही वेबसाइट आली. ड्यूटीवरून खोलीत आलो की आधी निधनवार्ता बघायची, मग जेवायला बसायचं. आता नव्या साइटवर आपल्या तालुक्याचं पानच सापडत नाही. वर सिनेमा, क्रिकेट, राशिभविष्य. आणि निधनवार्तेवर बोट ठेवलं तर म्हणे पैसे भरा. माझ्या माणसाच्या मयतीची बातमी हे मला विकणार?"

कॉलेजातला एक मुलगा हसून म्हणाला, "चाचा, एकानं घ्यायचं आणि ग्रुपवर टाकायचं. विषय संपला."

पुस्तक बदलायला आलेल्या आपा अंगणवाडीत काम करतात. त्या दारातूनच म्हणाल्या, "घरात फोन एक, रिचार्ज एक. त्यात हे कुठं बसवू, ते तेवढं सांगा." उत्तराची वाट न पाहता त्या निघून गेल्या, आणि खरे तर आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतेही.

प्रश्न एका वर्तमानपत्राच्या महिन्याच्या रकमेचा दिसतो. पण या चार बोलण्यांत चार वेगळे नैतिक दावे आहेत. श्रमाचा मोबदला मिळाला पाहिजे, हा पहिला. आपल्याच आयुष्याची बातमी आपल्याला विकत घ्यावी लागू नये, हा दुसरा. मिळालेली गोष्ट वाटून घ्यावी, हा तिसरा. आणि ज्याच्यापाशी नाही त्याचे काय, हा चौथा. चारही दावे आम्हाला खरे वाटतात. अडचण तिथेच आहे.

रागाचे पहिले वाक्य सगळीकडे सारखेच असते: "आजवर फुकट होते, आता पैसे का?" ते आधी तपासून पाहू. बातमी फुकट कधीच नव्हती. छापील वर्तमानपत्रासाठी आपण जे चार-पाच रुपये देतो त्यांत कागदाचा आणि छपाईचा खर्चही पुरता भागत नाही. महिनाअखेरीस रद्दीवाला त्यातलेच काही परत करतो. उरलेला भार जाहिरातदार उचलत आला. वेबसाइटवर वाचकाचा वाटा शून्यावर आला, आणि जाहिराती आपल्यामागून इकडे येतील असे मालकांनी गृहीत धरले. जाहिराती आल्या, पण बातमी लिहिणाऱ्यांकडे त्यांतल्या थोड्याच थांबल्या. मोठा वाटा गूगल आणि फेसबुककडे गेला. त्यांना कोणत्याही तालुक्यात वार्ताहर नेमावा लागत नाही.

जिल्ह्याच्या दैनिकाकडे मग उरते काय? सरकारी निविदा, न्यायालयीन नोटिसा, दुकानाचे उद्घाटन आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा. ज्याच्या शुभेच्छा पानभर छापल्या, त्याच्या बांधकामाच्या ठेक्याविषयी दुसऱ्या दिवशी काय छापायचे, हा प्रश्न संपादकाच्या टेबलावर रोज येत असणार. आपण पैसे दिले नाहीत म्हणून वर्तमानपत्र फुकट चालत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या पैशावर चालते, एवढेच.

याचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. २००९ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुती बातमी म्हणून छापली गेल्याच्या तक्रारी झाल्या. 'पेड न्यूज' हा शब्द त्या वर्षी घरोघर पोहोचला. भारतीय प्रेस परिषदेने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल २०१० मध्ये तयार झाला, पण परिषदेने आधी त्याचे छोटे रूपच प्रसिद्ध केले. पूर्ण अहवाल लोकांसमोर ठेवण्यासाठी २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला. त्या निवडणुकीत आपण जे वाचले त्यातले काही आपल्याआधीच कोणी विकत घेतलेले होते. स्वस्त अंकाची उरलेली किंमत आपण त्या रूपाने चुकवली. तेव्हा सरांचे म्हणणे सोडून देता येत नाही. ज्याला स्वतंत्र बातमी हवी त्याने तिच्या खर्चात हात घातला पाहिजे.

पण किंमत वाढली की आणखी एक गोष्ट घडते, आणि तिचा विचार या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी दैनिकाच्याच निमित्ताने केलेला आहे. १९५६ मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पाने यांची सांगड घालणारा कायदा झाला आणि त्याखाली १९६० मध्ये सरकारने आदेश काढला. अमुक पाने द्यायची तर किंमत अमुकपेक्षा कमी ठेवता येणार नाही, असा त्याचा मतलब. हेतू वाईट नव्हता. मोठ्या वृत्तपत्रांनी स्वस्त आणि जाड अंक काढून छोट्यांना मारू नये, हे सरकारला हवे होते. पुण्याच्या 'सकाळ'ला मात्र तो जाचक झाला. त्यांचा अंक ७ नव्या पैशांना मिळत असे आणि आठवड्याला ३४ पाने देत असे. आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४ पानेच देता आली असती, नाहीतर किंमत वाढवावी लागली असती. 'सकाळ' न्यायालयात गेले. १९६१ मध्ये न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. किंमत वाढवायला लावली तर खप घटेल, पाने कमी करायला लावली तर मजकूर घटेल, आणि दोन्हींमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्यालाच धक्का बसेल, असा निर्णयाचा आशय होता. बोलण्याच्या स्वातंत्र्यात किती जणांपर्यंत पोहोचायचे, हेही येते.

तो खटला सरकारविरुद्ध होता. आज मालक स्वतःच भिंत उभी करतो आहे, त्याला कोणी जबरदस्ती करत नाही, आणि आपल्या मालाचा भाव ठरवायचा कायदेशीर अधिकार त्याला आहे. तरी त्या निकालातली खूण नीतीच्या प्रश्नालाही लागू पडते. नव्या पैशांचा प्रश्न होता तेव्हाही तो कोण वाचेल आणि कोण वाचणार नाही, याचाच होता. दारात उभ्या राहिलेल्या आपांनी तोच विचारला होता.

आता त्या कॉलेजकुमाराचा तोडगा घेऊ. त्याला आम्ही आधी चोरी म्हणून झिडकारले. मग आठवले की आपण सगळे असेच वाचत मोठे झालो. न्हाव्याच्या दुकानात एक अंक येई आणि दिवसभरात पन्नास जण तो वाचत. चहाच्या टपरीवर एक जण मोठ्याने वाचे आणि ज्यांना अक्षर येत नसे ते ऐकत. शेजारच्या घरातून "भाबी, पेपर झाला का?" म्हणून अंक मागून आणला जाई. एकाने पैसे दिले आणि दहा जणांनी वाचले, याला कोणी चोरी म्हटले नाही. कागदाला भिंत घालता येत नव्हती. फोनच्या पडद्यावर मात्र प्रत्येक जण एकटा वाचतो, म्हणून प्रत्येकाकडे वेगळे पैसे मागता येतात.

तेव्हा मुलाच्या वृत्तीत आपल्या जुन्या वहिवाटीचाच अंश आहे. फरक प्रमाणाचा आहे. न्हाव्याच्या दुकानातला अंक एका वेळी एकाच्या हातात असे आणि संध्याकाळी फाटून जाई. ग्रुपवर टाकलेली प्रत दहा मिनिटांत दहा हजार ठिकाणी असते आणि कधी फाटत नाही. करोनाच्या काळात हे सगळ्यांनी पाहिले. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईत काही दिवस वर्तमानपत्रे छापलीच गेली नाहीत. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघर अंक टाकण्यावर बंदी घातली. वाचक तुटू नये म्हणून कितीतरी वृत्तपत्रांनी आपला अंक फोनवर मोकळा केला. अमेरिकेतल्या अनेक वृत्तपत्रांनीही करोनाच्या बातम्यांपुरती आपली भिंत खाली घेतली. जिवावरची बातमी पैशासाठी अडवायची नसते, हे मालकांनाही त्या वेळी कळले होते. पण वाटलेल्या अंकाची सवय लागली आणि त्याच महिन्यांत कितीतरी पत्रकारांच्या नोकऱ्या गेल्या. मोकळा अंक वाचणाऱ्या आम्हाला त्या गेलेल्यांची नावे वाचायला मिळाली नाहीत.

आता आम्हाला मोहल्ल्यातली एक गोष्ट सांगायची आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितले तर पुन्हा तेच होईल.

काही वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात एक प्रकार घडला आणि पोलिसांनी आमच्या मोहल्ल्यातल्या एका तरुणाला चौकशीसाठी नेले. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात मोठ्या मथळ्याखाली बातमी आली. नाव, मोहल्ल्याचे नाव आणि फोटोसुद्धा. चौकशीत त्याचा काही संबंध नाही असे निष्पन्न झाले आणि त्याला सोडून दिले. सोडल्याची बातमी कोणाला नको होती. पण त्या वृत्तपत्राचा एक वार्ताहर स्वतः मोहल्ल्यात आला. मुलाच्या वडिलांशी बोलला, पोलीस ठाण्यात गेला, कागद पाहिला आणि त्याने नीट खुलासा लिहिला. आतल्या पानावर, चार बोटे जागेत. वेबसाइटवरही तो आला.

मुलाने त्या पानाचा दुवा फोनमध्ये जपून ठेवला. नोकरीसाठी गेला की मालक नाव शोधून पाहतो आणि जुनी बातमी वर येते. मग हा आपला दुवा उघडून दाखवतो, "साहेब, हे पण वाचा." लग्नाच्या बोलणीतही तो एकदा दाखवावा लागला. मुलीच्या मामाने चष्मा लावून सगळे वाचले आणि फोन परत देताना म्हणाला, "ठीक आहे, बेटा." तो फोनमधला दुवा म्हणजे त्या मुलाची इज्जत होती.

वेबसाइट बदलली आणि जुने दुवे तुटले. खुलाशाच्या जागी 'पान सापडले नाही' असे येऊ लागले. त्याने शोधून शोधून नव्या साइटवर तो मजकूर काढला, तर पहिल्या दोन ओळींखाली पाटी होती, 'पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा.' पहिल्या बातमीचे छायाचित्र मात्र आजही लोकांच्या फोनमध्ये फिरते आहे. त्याला ना भिंत आहे, ना वर्गणी.

तो कार्यालयात गेला. संपादकांनी त्याला बसवले आणि चहा दिला. जुन्या फायलीतून ते पान काढले, प्रत काढून त्यावर सही-शिक्का करून दिला आणि म्हणाले, "चूक आमची आहे. पण इथं आता आम्ही चारच माणसं उरलोय." मुलाने त्या वार्ताहराची चौकशी केली. त्याला मागच्या वर्षी कमी केले होते. पगार परवडत नव्हता.

मुलाने हे वाचनालयात येऊन सांगितले तेव्हा आमची बोलती बंद झाली. भिंतीमुळे खुलासा अडला, हे खरे. पण पैसे नसतील तर खुलासा लिहायला मोहल्ल्यापर्यंत चालत येणारा माणूसच उरत नाही, हेही तितकेच खरे. आरोपाची बातमी पोलीस ठाण्यातून फोनवर मिळते, तिला काही खर्च लागत नाही. खुलाशाला खर्च लागतो, कारण तो मिळवायला कोणाला तरी एस.टी.त बसून यावे लागते. ज्या समाजाविषयी लोक ऐकीव गोष्टींवर चटकन विश्वास ठेवतात, त्याला अशा माणसाची गरज इतरांहून जास्त असते. म्हणजे भिंतीचा जाच आम्हाला जास्त आणि पैशाअभावी वर्तमानपत्र मेले तर त्याचे नुकसानही आम्हालाच जास्त.

या गाठीतून जगाने काय वाट काढली, ते पाहू. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे 'न्यूजडे' हे स्थानिक दैनिक. केबल टीव्हीच्या एका कंपनीने ते विकत घेतले होते. सुमारे ४० लाख डॉलर खर्चून वेबसाइट नवी केली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिच्याभोवती आठवड्याला ५ डॉलरची भिंत घातली. छापील अंकाचे वर्गणीदार आणि कंपनीचे केबलचे ग्राहक यांना ती मोफत होती. तीन महिन्यांनी हिशेब बाहेर आला. बाहेरून पैसे भरून आलेले वाचक होते ३५. बहुतेक स्थानिक लोक आधीच कंपनीचे ग्राहक होते, हे धरले तरी आकडा बोलका आहे. साइटला नवा रंग दिला आणि दाराशी तिकीटबारी लावली, म्हणून वाचक आपोआप पैसे काढत नाही.

त्याच परिसरातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २०११ मध्ये महिन्याला २० लेख मोफत ठेवून भिंत घातली, आणि आज त्याचे वर्गणीदार एक कोटीच्या वर आहेत. पण त्याचा वाचक जगभर पसरलेला आहे. खाडीकाठच्या पुलाची बातमी जगात कोण विकत घेईल? पैसे मिळालेच नाहीत तर काय होते, तेही अमेरिकेने पाहिले. कोलोरॅडोतले 'रॉकी माउंटन न्यूज' २७ फेब्रुवारी २००९ रोजी बंद पडले. १८५९ साली सुरू झालेल्या त्या दैनिकाला दीडशे वर्षे पुरी व्हायला जेमतेम दोन महिने उरले होते.

तिसरी वाट इंग्लंडच्या 'गार्डियन'ची. त्यांनी वेबसाइटवरच्या बातम्या मोकळ्या ठेवल्या आणि मजकुराखाली वाचकाला विनंती केली की शक्य असेल तर पैसे द्या, म्हणजे ज्यांना शक्य नाही तेही वाचू शकतील. दहा लाखांहून अधिक लोक आज त्यांना नियमाने पैसे देतात. त्यांच्यामागे एका न्यासाचा निधी आहे आणि आमच्या जिल्ह्याच्या मालकाकडे तो नाही, हे आम्ही विसरत नाही. तरी त्या विनंतीतला विचार आम्हाला ओळखीचा वाटला. तो आपल्याच भाषेत आधीपासून होता.

मराठीत नियतकालिकासाठी भरायच्या पैशांना 'किंमत' म्हणत नाहीत, 'वर्गणी' म्हणतात. हाच शब्द गणपतीसाठी, शिमग्यासाठी आणि आमच्याकडे उरुसासाठी वापरतात. किंमत देऊन वस्तू आपली एकट्याची होते. वर्गणी देऊन वस्तू सगळ्यांची होते. उरुसाच्या देगेसाठी घरोघर फिरणारी माणसे ऐपतीप्रमाणे मागतात. कोणी हजार देतो, कोणी पन्नास, कोणी हात जोडतो. पण देग उतरल्यावर पंगतीत बसणाऱ्याची पावती कोणी पाहत नाही. ज्याने हात जोडले त्याच्याही ताटात तेच पडते. देणारा मात्र पुढच्या वर्षी विचारू शकतो, "मीठ कमी का होते?"

आमच्या दैनिकाने चौकटीत शब्द वर्गणीचा वापरला आणि व्यवहार किमतीचा केला. आम्हा वाचकांनीही किंमत म्हणूनच तिच्याकडे पाहिले, महाग की स्वस्त, एवढेच मोजले. दोन्हीकडे चूक झाली, असे आता आम्हाला वाटते.

वर्तमानपत्राला वर्गणी मागायची असेल तर काही मजकूर पंगतीत मोकळा ठेवावा लागेल. पुराचा आणि वादळाचा इशारा, निधनवार्ता, आणि खुलासा. खुलाशाबाबत तर साधा न्याय आहे. आरोप सगळ्यांना मोफत वाचायला दिला असेल, तर त्याचे निरसनही सगळ्यांना मोफत मिळाले पाहिजे. ज्याचे नाव छापले, त्याचा त्या मजकुरावरचा हक्क वर्गणीतून येत नाही, नाव छापल्यामुळे येतो. साइट नवी करताना जुने दुवे तुटले तर आपण किती जणांचे दाखले फाडले, याचाही विचार करावा लागेल. वर्तमानपत्राचे जुने अंक मालकाच्या ताब्यात असतात, पण त्यांत लोकांची आयुष्ये असतात. आमच्या बोलीत अशा गोष्टीला अमानत म्हणतात.

आणि आमचे काय? कुवेतच्या भाईंचा राग खरा आहे, पण निधनवार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या माणसाला पंचवीस वर्षांत त्यांनी काही दिले नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. ऐपत असून फुकट मागणे आणि ऐपत नसताना फुकट मागणे, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिल्याने दुसऱ्याची ढाल पुढे करू नये. आमच्यापैकी कितीतरी जण महिन्याला हॉटेलात जे उडवतात, त्याच्या आत ही वर्गणी बसते. मग आपांच्या रिचार्जचा दाखला देऊन आपण आपला खिसा का वाचवावा?

एक हरकत त्या बैठकीत निघाली होती, ती टाळून चालणार नाही. "ज्यांनी आपल्या पोराचं नाव मथळ्यात छापलं, त्यांनाच पैसे द्यायचे?" विचारणाऱ्याच्या आवाजात दुखावलेपण होते. आम्ही त्याला एवढेच म्हणू शकलो की मथळा ज्यांनी छापला त्यांच्याच घरातला एक माणूस एस.टी.त बसून मोहल्ल्यात आला होता. पैसे न दिल्याने मथळे थांबणार नाहीत. थांबला तो त्या माणसाचा पगार. आणि तक्रारीचा हक्क पैसे देऊनच मिळतो, असेही आम्ही म्हणत नाही. तो तर न देणाऱ्यालाही आहे. पण संपादकाच्या टेबलावर पुढाऱ्याच्या पानभर शुभेच्छांशेजारी पन्नास साध्या वाचकांची वर्गणीही असेल, तर त्याला खरे छापताना थोडा आधार वाटेल, इतकी आशा आम्ही ठेवतो.

शेवटी वाचनालयाने एक वर्गणी भरली. टेबलावर एक जुना संगणक आहे, त्यावर ज्याला हवे त्याने येऊन वाचावे. न्हाव्याच्या दुकानातल्या अंकासारखेच. ग्रुपवर अंक टाकायचा नाही, असे ठरले. मुलगा थोडा कुरकुरला, पण संगणकाची जबाबदारी त्यानेच घेतली. कुवेतच्या भाईंनी आपली वेगळी वर्गणी भरली आणि शिवाय दोन मोहल्ल्यांच्या वाचनालयांची भरण्याचे कबूल केले. आपांना वाचनालयाची वेळ सोयीची नव्हती, कारण मगरीबनंतर घरी चूल असते. म्हणून दुपारी तीन ते पाच खोली उघडी ठेवायचे ठरले. हा एवढा बदल खरे तर पूर्वीच व्हायला हवा होता.

सरांनी दैनिकाला एक पत्र लिहिले. त्यात वर्गणी भरल्याचे कळवले आणि तीन मागण्या केल्या. तालुक्याचे पान वर आणा, निधनवार्ता आणि खुलासे मोकळे ठेवा, जुने दुवे जोडा. पत्राखाली वाचनालयात बसणाऱ्या सगळ्यांनी सह्या केल्या, वर्गणी भरलेल्यांनी आणि न भरलेल्यांनीही. निधनवार्ता आठवड्याभरात मोकळ्या झाल्या. खुलाशाबद्दल अजून उत्तर नाही.

सही-शिक्क्याची ती प्रत मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाकिटात ठेवली आहे. एक प्रत त्याने वाचनालयातही दिली. ती कपाटातल्या फायलीत आहे. कोणाला पाहायची असेल तर किल्ली सरांकडे मिळेल.